लाल रंगाची वजाबाकी

रोझेट नेब्युला, म्हणजे आभाळातला तापलेल्या वायूचा एक मोठा मेघ, डोळ्यांना दिसत नाही हे आधीच सांगून टाकते, कारण इंदुरात आमच्या गच्चीवर जो कोणी येतो तो पहिल्यांदा टेलिस्कोपला डोळा लावायची जागा शोधतो, आणि तिथे आयपीसऐवजी कॅमेऱ्याचा लाल रंगाचा गोल डबा बसवलेला बघून त्याचा अर्धा उत्साह तिथेच उतरतो. "मग बघायचं काय?" बघायचं काहीच नसतं हो. वर मृग नक्षत्र, त्याचा तांबूस काक्षी, पलीकडे प्रश्वा, आणि या दोघांच्या मधे वरवर बघता रिकामं आभाळ. काक्षीपासून पूर्वेला हात लांब करून मूठ धरली की मुठीच्या पलीकडच्या कडेला कुठेतरी ती आहे. पूर्ण चंद्राच्या दुपटीहून जास्त रुंद, आणि तरी नाही दिसत. लांब आहे म्हणून दिसत नाही असं लोकांना वाटतं पण तसं नाहीये, मधला तारकागुच्छ साध्या बायनॉक्युलरमधून दिसतो आणि तो तितकाच लांब आहे, साधारण ५००० प्रकाशवर्षं. दिसत नाही ते रंगामुळे.

म्हणजे असं की अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, हिरवट-निळा उजेड सगळ्यात चांगला कळतो, आणि रोझेटचा बहुतेक उजेड आहे ६५६.३ नॅनोमीटरचा. गडद लाल. त्या पेशींच्या दृष्टीने तो उजेड नाहीच जवळपास. बरं साध्या कॅमेऱ्याचं पण तेच, डीएसएलआरच्या सेन्सरपुढे कंपनीने एक फिल्टर लावलेला असतो, माणसांचे चेहरे लालबुंद येऊ नयेत म्हणून, आणि तो नेमका या लालचा बराचसा भाग अडवतो. म्हणून लोक कॅमेरे उघडून तो फिल्टर काढून घेतात. एका लग्नातले फोटो नंतर त्याच कॅमेऱ्याने काढले गेले होते, नवरा-नवरी दोघंही ताप आल्यासारखे दिसत होते, असो.

हा लाल येतो कुठून, हे मला आधी समजून घ्यायचं होतं, फोटो नंतर. मधे जो तारकागुच्छ आहे, एनजीसी २२४४, त्यातले तारे काही दशलक्ष वर्षांचेच, ताऱ्यांच्या हिशोबाने बाळंच, पण त्यातले एक-दोन इतके तापलेले की त्यांचा बहुतेक उजेड अतिनील. तो भोवतीच्या हायड्रोजनवर पडतो आणि इलेक्ट्रॉन उडवून लावतो. मोकळा इलेक्ट्रॉन फिरत फिरत कधीतरी दुसऱ्या प्रोटॉनच्या हाती लागतो आणि पायरी पायरीने खाली उतरतो, त्यात तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर उतरताना जो उजेड सुटतो तो नेमका ६५६.३चा. त्याला हायड्रोजन-अल्फा म्हणतात. ६५५ नाही, ६५८ नाही. सगळा मेघ, १३० प्रकाशवर्षांचा पसारा, आणि बोलतो जवळपास एकाच सुरात. वायू किती तापला तर किती इलेक्ट्रॉन उडतील याचं गणित मेघनाद साहांनी १९२० साली मांडलं, ताऱ्यांसाठी, पण मला ते नाव इथे आठवतं नेहमी.

आणि हे एका सुरात बोलणं हीच शहरात राहणाऱ्या माणसाची सोय आहे.

आमच्याकडे उजेड काही कमी नाही. पूर्वी रस्त्यांवर ते पिवळे सोडियमचे दिवे होते, ते तरी एका पिवळ्या रंगातच काय तो धिंगाणा घालायचे, आता पांढरे एलईडी आले आणि ते सगळ्या रंगांत थोडे थोडे आहेत. त्यात मॅरेज गार्डनं. आमच्या मागच्या बाजूला एक आहे आणि लग्नाच्या सीझनमधे तिथून आभाळात फिरणारा तो झोत, तो तर थेट मृगाच्या पोटातून जातो. पण इथे आपलं पंचांग मदतीला येतं, खरंच. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास, इथले लोक मलमास म्हणतात, त्यात लग्नं नाहीत. गार्डन बंद, डीजे बंद, झोत बंद. आणि रोझेट वर असते नेमकी तेव्हाच, जानेवारीच्या मध्याला रात्री साडेअकराच्या आसपास ती आमच्याकडे दक्षिणेला ७२ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर येते, म्हणजे शहराच्या धुराळ्यातून बघावं लागतं ते कमीत कमी. मुहूर्त नसलेला महिना हा माझा मुहूर्त. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "चांगलं आहे, कोणाला तरी उपयोग झाला त्या महिन्याचा."

पण झोत बंद झाला तरी बाकीचं शहर चालूच असतं, त्याला फिल्टर. रात्री अकराला सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात उभं राहून, भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडे, ओरडणारी पोरं, गाड्या, सगळ्या कल्लोळात आपलं माणूस आपल्या नावाने हाक मारतं ती कानाला बरोब्बर ऐकू येते ना, हा फिल्टर तेवढंच करतो. सात नॅनोमीटरच्या दोन खिडक्या, एक ६५६वर, एक ५००वर, बाकी सगळं बंद. आपल्याला दिसणारा उजेड साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरचा धरला तर ३०० पैकी १४ आत येतात. एलईडीचा उजेड पसरलेला असल्याने त्याचा विसावा हिस्सासुद्धा जेमतेम आत येतो, आणि नेब्युलाचा लाल मात्र जवळपास सगळा. म्हणून शहरातून हे होतं. आकाशगंगांचं असं होत नाही, त्यांचा उजेड म्हणजे ताऱ्यांचाच उजेड, सगळ्या रंगांत पसरलेला, तो फिल्टरने अडवला की आकाशगंगाही गेली. देवयानी आकाशगंगेसाठी शहराबाहेरच जावं लागतं, त्याला इलाज नाही.

दुसरी खिडकी ५००ची आहे ती ऑक्सिजनसाठी. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, त्याची रेघ ५००.७वर. याची गोष्ट मला फार आवडते. १८६४ साली विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा उजेड प्रिझममधून बघितला तर पट्टा नाहीच, नुसत्या चमकत्या रेघा. म्हणजे हा ताऱ्यांचा पुंजका नाही, वायू आहे, हे तिथे कळलं. पण त्यातल्या हिरव्या रेघा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेनात, मग लोकांनी नवं मूलद्रव्य मानलं, त्याला नेब्युलियम नाव पण देऊन टाकलं, आणि ते पुढे साठेक वर्षं टिकलं. १९२७ला आयरा बोवेनने दाखवलं की हा आपला ऑक्सिजनच आहे, फक्त इतक्या विरळ जागी की अणूला अणू धडकायला वेळ लागतो आणि तेवढ्या निवांतपणात तो ती रेघ सोडू शकतो. प्रयोगशाळेत तेवढी विरळ हवा करताच येत नव्हती. म्हणजे नवीन काही नव्हतं, निवांतपणा नवीन होता. आणि गंमत बघा, ही रेघ नेमकी अंधारातल्या डोळ्याला सगळ्यात जास्त कळणाऱ्या रंगात बसते, म्हणून मृगातला मोठा नेब्युला टेलिस्कोपमधून बघितला की राखाडी-हिरवट दिसतो आणि फोटोत गुलाबी. दोन्ही खरं.

सामान काय लागतं हे सगळे विचारतात म्हणून एकदाच सांगते. माझा टेलिस्कोप ८० मिलिमीटरचा आहे, छोटा, खांद्याच्या पिशवीत मावतो. ४८० मिलिमीटर फोकल लेंथ, रिड्यूसर, म्हणजे ती लांबी कमी करणारं भिंग, लावून ३८४. मागे एएसआय ५३३ कॅमेरा, चौकोनी सेन्सर, त्यात साधारण पावणेदोन अंश आभाळ मावतं आणि रोझेट सव्वा अंशाची, चारी बाजूंनी थोडी हवा राहते. यात भारी खर्च कुठे करायचा तर माउंटवर, म्हणजे टेलिस्कोप ज्यावर बसतो आणि फिरतो त्या यंत्रावर करा, भिंगावर नाही. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंदाने (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं आणि माझा एक पिक्सेल आहे दोन आर्कसेकंदांचा, म्हणजे माउंट थांबलं तर सेकंदाभरात तारा सात-आठ पिक्सेल पळाला. पाच-पाच मिनिटांचं एक्सपोजर घ्यायचं तर त्या लोखंडाला पृथ्वीच्या उलट, पृथ्वीच्याच वेगाने, एका पिक्सेलच्या आत राहून फिरायचं असतं. त्याच्या मदतीला दुसरा एक इवला टेलिस्कोप आणि कॅमेरा, तो एकाच ताऱ्याकडे टक लावून बसतो आणि तारा जरा हलला की माउंटला ढोसतो. उत्तम भिंग आणि डुगडुगतं माउंट घेऊन बसलेली माणसं मी बघितलीत, एका हंगामात ते सामान विकायला निघतं.

ध्रुव मात्र आमच्याकडे त्रास देतो. माउंटचा आस उत्तर ध्रुवाकडे रोखावा लागतो, आणि ध्रुव क्षितिजापासून वर तेवढाच असतो जेवढे आपले अक्षांश, म्हणजे इंदुरात पावणेतेवीस अंश. युरोपातले लोक व्हिडिओत ५० अंशांवर मान वर करून ध्रुव दाखवतात, आमचा शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमागे. त्यांनी टाकी उंच स्टँडवर बसवली तेव्हापासून मी गच्चीच्या अगदी दक्षिण-पूर्वेच्या कोपऱ्यात, कपडे वाळत घालायच्या तारेखाली उभी राहते, तिथून टाकी आणि जिन्याच्या खोलीच्या मधल्या फटीत तो सापडतो. आणि तो पण बरोब्बर ध्रुवबिंदूवर नसतो, अर्ध्या अंशाहून जास्त बाजूला आहे, तर त्याची कुठली बाजू ते बघून आस लावायचा. लहानपणी ऐकलेला अढळ तो हाच. फरशीवर तीन पायांच्या जागी ऑइलपेंटने तीन ठिपके काढून ठेवलेत, घरातल्यांना वाटतं रांगोळीसाठी आहेत.

फोकसला एक खाचांची चकती पुढे लावतात, बाहतिनोव्ह मास्क, तिच्यामुळे व्याधासारख्या ठळक ताऱ्याला तीन रेघा फुटतात, दोन तिरप्या फुलीसारख्या आणि तिसरी मधली, ती मधली बरोब्बर फुलीच्या मधोमध आली की फोकस. रात्री हवा गार होत जाते, नळी आखडते, रेघ सरकते. परत लावायचं. जानेवारीत पहाटे दव पडतं म्हणून भिंगाभोवती हीटरची पट्टी. वायर जिन्यातून खाली, बटण कोणी बंद करू नये म्हणून तिथे चिठ्ठी. यापुढे रात्रभर माझं काम म्हणजे दुलईत पडून फोनवर त्या टक लावलेल्या ताऱ्याच्या हलण्याचा आलेख बघणं, त्याच्या दोन रेघा शांत आहेत ना. झोप लागते. लागू द्यावी.

आता जे येतं ते बघून नवीन माणूस रडेल. पाच मिनिटांची फ्रेम म्हणजे काळा चौकोन, त्यात पांढरे ठिपके. तो काळा मुद्दाम ताणून बघितला की मधे एक मळकट लाल डाग, त्यावर किडलेले पिक्सेल, कोपरे काळवंडलेले, दोन-तीन जागी धुळीची गोल गोल कडी, आणि आरपार एक रेघ, कारण देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर उतरणारं विमान आमच्यावरून जातं. माझं म्हणणं असं आहे की खरं काम इथून सुरू होतं आणि ते काम जवळजवळ सगळं वजाबाकीचं आहे. लोकांना वाटतं कॉम्प्युटरवर रंग भरते. उलट आहे.

पहिलं वजा व्हायचं ते कॅमेऱ्याचं स्वतःचं. सेन्सर गरम असला की उजेड नसताना पण आकडे बनवतो, म्हणून त्याला मागून पंखा आणि थंड करायची सोय असते, मी उणे १० अंशांवर ठेवते. तरी काही पिक्सेल खोटं बोलतातच. तर टेलिस्कोपला टोपी घालून तितक्याच तापमानाला, तितक्याच वेळाच्या, अंधाराच्या फ्रेम घ्यायच्या, त्यांना डार्क म्हणतात, आणि त्यांची सरासरी प्रत्येक फ्रेममधून वजा. मग धूळ. त्याला फ्लॅट. सगळीकडे सारखा उजेड असलेल्या कशाचा तरी फोटो घ्यायचा, म्हणजे सारखं असूनही जिथे काळं आलं तो दोष आपल्या नळीचा. सकाळी उजाडायच्या सुमाराला टेलिस्कोप सरळ वर करून तोंडावर पांढरं कापड ताणून बांधतात. माझ्याकडे ते कापड म्हणजे आजेसासऱ्यांचं धोतर आहे, जुनं, शंभरदा धुऊन धुऊन इतकं मऊ आणि एकसारखं झालेलं की बाजारात तसं कापड मिळणार नाही. दुहेरी घडी करून रबराने बांधते. काठ बाजूला ठेवायचा, काठ आला की एक कोपरा लालसर येतो. फ्लॅटने भागायचं असतं खरं तर, वजा नाही करायचं, पण भागाकार म्हणजे तरी काय.

मग विमान. शेकडो फ्रेम एकावर एक ताऱ्याला तारा जुळवून ठेवल्या की प्रत्येक पिक्सेलचे शेकडो साक्षीदार होतात. बाकी सगळे सांगतायत ४००च्या आसपास आणि एकच सांगतोय ४००० तर तो एक बाद. विमानं, उपग्रह, सगळे असेच जातात, अख्खी रेघ नाहीशी होते आणि मागे तिचा मागमूस नाही. हे पहिल्यांदा झालेलं बघितलं तेव्हा मी स्क्रीनजवळ तोंड नेऊन शोधत होते रेघ. सिरिल नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, हे सगळं करतं.

मग शहर. फिल्टर लावूनही जो काही उजेड आत आला तो एका बाजूने जास्त असतो, आमच्याकडे राजवाड्याच्या बाजूने, दुसरीकडे कमी. चित्रात जिथे नेब्युला नाही अशा जागी ठिपके ठेवायचे, त्यावरून शहराच्या उजेडाचा उतार मोजायचा आणि तो उतार वजा. इथे मात्र सावध राहावं लागतं, कारण रोझेटच्या आसपास नेब्युला नाही अशी जागा फारशी नाहीच, तिचा लाल पार कोपऱ्यापर्यंत अंधूक पसरलेला असतो. ठिपका चुकीच्या जागी पडला तर शहराबरोबर नेब्युलाही वजा होते आणि आपल्याला कळतही नाही, चित्र उलट छान दिसतं, स्वच्छ, काळंभोर. नेटवर अशी कितीतरी स्वच्छ चित्रं आहेत.

आणि एक गोष्ट वजा होतच नाही. शहराचा उजेड किती ते सरासरीने कळतं आणि सरासरी वजा करता येते, पण उजेड काही एकसारखा सांडत नाही, तो कणाकणाने येतो, एका फ्रेममधे शंभर कण तर दुसऱ्यात एकशे दहा, तिसऱ्यात ब्याण्णव. ही जी थरथर आहे, खडखड म्हणा, ती वजाबाकीने जात नाही. शंभर वजा केले तरी वर-खालचे दहा मागे राहतात, आणि अंधूक नेब्युला त्या दहांच्या खाली बुडालेली असते. म्हणून तर फिल्टर आधीच लावायचा, उजेड आत आल्यावर हिशोब करत बसण्यापेक्षा. आणि दुसरा उपाय म्हणजे वेळ. चौपट वेळ दिला की खडखड अर्धी होते, चौपट! म्हणजे एका रात्रीत जे आलं त्याच्या दुप्पट चांगलं हवं तर चार रात्री, त्याच्याही दुप्पट तर सोळा. इथे प्रत्येकाला कुठेतरी थांबावं लागतं. मी धनुर्मास संपला की थांबते, संक्रांतीला गच्चीवर पतंगवाली पोरं येतात, मांजा, स्पीकर, आणि सामान खाली न्यावंच लागतं.

या वेळ देण्याचीच सगळी करामत आहे, आणि ती नवीन नाही. ३० सप्टेंबर १८८०ला हेन्री ड्रेपरने न्यूयॉर्कजवळ मृगातल्या नेब्युलाचा पहिला फोटो घेतला तेव्हा फोटोची काच (तेव्हा फिल्मच्या जागी तीच असे) जवळजवळ पन्नास मिनिटं उघडी होती. १८८३ला इंग्लंडात अँड्र्यू कॉमनने ३६ इंची आरशाने तोच नेब्युला घेतला आणि त्याच्या काचेवर असे तारे आले जे त्याच दुर्बिणीतून डोळ्यांना दिसत नव्हते. तोवर फोटो म्हणजे डोळ्यांनी बघितलेल्याची नोंद. त्या काचेनंतर डोळा मागे पडला. कॉमन तेव्हा हौशीच होता बरं का, पेशाने इंजिनिअर.

तर मग शेवटी सासूबाईंचा प्रश्न. त्यांना चित्र टॅबवर दाखवलं, मधे पोकळी, त्यात निळसर धूसर, भोवती लाल कडं, आणि त्या कड्याच्या एका बाजूला बारीक काळ्या ठिपक्यांची ओळ, सुटी सुटी, मुंग्या चालल्यासारखी. ते ठिपके म्हणजे धुळीचे घट्ट गोळे, मधल्या ताऱ्यांच्या वाऱ्याने बाकी सगळं उडवून पोकळी केली पण हे जरा चिवट निघाले. बार्ट बोक या माणसाने १९४७ साली म्हटलं की अशा गोळ्यांच्या आत तारे जन्मत असावेत, म्हणून बोक ग्लोब्यूल. त्यांनी दोन बोटांनी मोठं करून नीट बघितलं आणि विचारलं, "हे असं खरंच आहे, का तू केलंस?"

सोपं उत्तर नाहीये. मधला निळसर भाग खरा आहे, कारण ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन उडवायला हायड्रोजनपेक्षा कितीतरी जास्त जोर लागतो आणि तो जोर फक्त तापलेल्या ताऱ्यांजवळच असतो, म्हणून ऑक्सिजन मधे आणि हायड्रोजन भोवती, हे असंच असायला हवं. काळे ठिपके खरे. पण लाल? हायड्रोजन फक्त ६५६वर नाही बोलत, त्याची एक रेघ निळ्यातही आहे, ४८६वर, लालच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी, आणि माझा फिल्टर ती अडवतो. ती धरली तर रोझेट रक्तासारखी लाल नाही, गुलाबीकडे झुकते. म्हणजे माझ्या चित्रातला लाल हा खऱ्यापेक्षा जास्त लाल आहे. शहर वजा करताना मी नेब्युलाचा निळाही वजा केलाय.

हे मनात राहिलं म्हणून एकदा खंडवा रोडने सिमरोलचा घाट उतरून चोरलच्या बाजूला एका ओळखीच्यांच्या शेतात गेलो, फिल्टर न लावता. तिथे विंध्य मधे येतो आणि इंदूरचा उजेड उत्तरेला टेकडीमागे एक फिकट घुमट होऊन राहतो. हरभऱ्याचं शेत, गहू, कुत्री. शेतवाल्या काकांनी शेकोटी लावायची तयारी केली होती, त्यांना नको म्हणताना जीवावर आलं. तिथून आलेली रोझेट फिकी आहे, तिचा खडखडाट जास्त आहे, तारे पिवळे-निळे आपापल्या रंगांत आहेत, आणि ती गुलाबी आहे, मंद. दोन्ही शेजारी ठेवली की गच्चीवरची जास्त देखणी. चोरलची जास्त खरी. मला वाटतं तसं.

पुण्याला भाचा आहे, तोही हेच करतो, त्याचं सामान माझ्यापेक्षा भारी. त्याने माझाच डेटा घेऊन सोनेरी-निळी रोझेट करून पाठवली. हबल या अवकाशातल्या दुर्बिणीने १९९५ला गरुड नेब्युलाचे ते खांब दाखवले तेव्हापासून ही पद्धत आली, गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा, आणि शास्त्रज्ञांना त्याचा उपयोगही आहे कारण गंधक आणि हायड्रोजन दोघंही लालच, वेगळे कळायला कोणाला तरी रंग बदलून द्यावाच लागतो. पण माझ्या डेटात गंधकाची खिडकीच नाही! त्याने ऑक्सिजन आणि हायड्रोजन मिसळून तो तिसरा रंग बनवला. "आत्या, सगळे असंच करतात गं, तुझा लाल तरी कुठे खरा आहे?" यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही आणि अजून अर्धवटच सुचलंय. माझ्या लालमधे काही कमी आहे, त्याच्या सोनेरीत काही जास्त आहे, आणि मला कमी चालतं. तारे काढून नेब्युला वेगळी करून परत तारे घालणारं सॉफ्टवेअर मी वापरते, बरं वाटत नाही पण वापरते. नसलेला बारकावा बनवून देणारं वापरत नाही, ते काळे ठिपके त्याने इतके रेखीव केले होते की ८० मिलिमीटरच्या भिंगातून तसे दिसणंच शक्य नाही. भाचा म्हणतो मी कर्मठ आहे. असेन.

हॉलमधे लावायला सासूबाईंनी चोरलची निवडली, गुलाबी, लोकांना वाटलं होतं त्या लाल घेतील. प्रिंट करायला गेले तर दुकानातला मुलगा चांगला हुशार, कागदावर तो गडद लाल नाहीच येत म्हणून सांगितलं, गुलाबीला काही अडचण नाही म्हणाला, आणि मग स्क्रीनवर बॅकग्राउंडकडे बोट करून, "आंटी, ये थोडा ग्रे-ग्रे आ रहा है, एकदम ब्लैक कर दूँ? पॉप करेगा." मी नाही म्हटलं. त्याने तरी स्लायडर ओढून दाखवला, खरंच उठून दिसत होतं, आणि कडेचा तो अंधूक लाल, जो कोपऱ्यापर्यंत जातो, सगळा गेला होता. परत आण म्हटलं. "जैसा आपका है वैसा ही?" हो, वैसा ही, और कागज मॅट देना, ग्लॉसीवर आमच्या हॉलची ट्यूबलाइट दिसते.